रज्जाकभाईंनी न दाबलेले बटण

"कै. रज्जाकभाई काटेवाले हे कारागीर म्हणून चांगले होते, परंतु स्वभावाने संशयी. त्यांच्या हट्टापायी ऐन हंगामात संस्थेचे ई-मेल दिवसभर बंद राहिले. अखेरीस एका तरुण संचालकाने समयसूचकता दाखवून संगणकाच्या प्रश्नाला 'होय' असे उत्तर दिले आणि टपाल सुरळीत झाले."

हा उतारा आमच्या केळी उत्पादक सहकारी संस्थेच्या ताज्या स्मरणिकेतील आहे. संस्था सावद्याची, तिचा सचिव म्हणून मी सव्वीस वर्षे काम केले आणि आता जळगावला निवृत्तीचे दिवस समाधानाने काढतो आहे. स्मरणिका टपालाने घरी आली, ती मी दुपारच्या चहाबरोबर उघडली, आणि चहा तसाच राहिला. वरील तीन वाक्यांत चार चुका आहेत. पहिली क्षुल्लक आहे. लेखकाने एका मुसलमान गृहस्थाला कैलासवासी करून टाकले आहे; स्वतः रज्जाकभाईंनी ते वाचले असते तर पोट धरून हसले असते, म्हणून ती मी सोडून देतो. उरलेल्या तीन सोडणार नाही. लेखाखाली नाव नाही. तथापि तो 'तरुण संचालक' कोण हे सावद्यात सर्वांना ठाऊक आहे, लेख कोणी लिहिला हेही ठाऊक आहे, आणि ती दोन्ही माणसे एकच आहेत. तत्कालीन अध्यक्षांचे पुतणे प्रदीपराव यांच्याशी माझे वैर नाही. पण ते लिहितात ते खरे नाही, आणि खरे काय घडले हे सांगू शकेल असा त्या खोलीतला माझ्याखेरीज दुसरा कोणी आता उरलेला नाही.

रज्जाकभाई मूळचे धुळ्याचे. तरुणपणी ते जळगावात आले, एका काटेवाल्याच्या हाताखाली दहा वर्षे राबले आणि पुढे जुन्या बाजाराजवळच्या गल्लीत त्यांनी स्वतःचे दुकान काढले. तराजू, वजने, धान्याचे काटे, केळीचे प्लॅटफॉर्म काटे, सगळ्यांची दुरुस्ती ते करीत, आणि त्यासाठीचा सरकारी परवाना काचेत बसवून दुकानात अशा ठिकाणी लावला होता की गिऱ्हाइकाला आधी तो दिसावा, मग रज्जाकभाई. उंच, सडसडीत बांधा, डोक्यावर पांढरी टोपी, सुताच्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेला चष्मा. बरोबर एक सागवानी पेटी असे. तिच्या आत हिरव्या मखमलीच्या खाचांत पितळी वजने बसवलेली. ती त्यांनी कधी उघड्या बोटांनी उचललेली मी पाहिली नाहीत. रुमालाने उचलीत. बोटाचा घाम लागला तरी वजन वाढते, असे त्यांचे म्हणणे. मी एकदा विचारले, घामाचे असे किती वजन भरणार? ते म्हणाले, भरणार नाही तितकंच, पण मग माझी वजनं आणि वाण्याची वजनं यांत फरक काय राहिला?

काम पुरे होईपर्यंत ते चहा घेत नसत. चहा पिऊन काटा तपासला की पिणारा पाजणाऱ्याच्या बाजूला किंचित झुकतो, हे त्यांचे निरीक्षण होते आणि त्यात त्यांनी कधी सवलत दिली नाही. काम झाले की मात्र दोन कप मागत आणि बशीतून पीत. मोठ्या काट्यांवर शेवटी स्वतः उभे राहून पाहण्याची त्यांना सवय होती, कारण आपले वजन गेली तीस वर्षे बदललेले नाही असा त्यांचा दावा होता. फक्त ईदनंतरचे चार दिवस ते काट्यावर चढत नसत. विचारले तर गंभीर चेहऱ्याने सांगत, "सध्या वजन प्रमाणित नाही."

आता 'संशयी' या शब्दाकडे वळतो.

रावेरच्या एका पॅकिंगच्या शेडमध्ये ते एकदा काटा पाहायला गेले होते. मी संस्थेच्या कामासाठी तिथेच होतो. बाहेर केळीने भरलेले सहा-सात ट्रॅक्टर उभे, मजूर घडांवर गोणपाट टाकून सावलीला बसलेले. रज्जाकभाईंनी शेडमधले एक वजन उलटे केले. प्रत्येक वजनाच्या बुडाशी शिशाचा एक ठिपका असतो आणि त्यावर वजनमापे निरीक्षकाचा शिक्का ठोकलेला असतो. कोणी मारला आणि केव्हा मारला हे त्यावरून कळते. त्या वजनावरचा शिक्का घासून नाहीसा झाला होता. रज्जाकभाईंनी काटा थांबवला. ट्रॅक्टरवाले ओरडले, शेडमालकाने हात जोडले, मीही म्हटले की वजन बरोबरच असेल. त्यांनी सर्वांना एकच उत्तर दिले, "आधी शिक्का दाखवा," आणि पेटी उघडली. अर्धा-पाऊण तास गेला. वजन तंतोतंत बरोबर निघाले. शेडमालक फुशारला, ट्रॅक्टरवाल्यांनी त्यांना दोन शिव्या हासडल्या. रज्जाकभाईंचा चेहरा मात्र घरी लग्न ठरावे तसा फुलला होता. "बरोबर निघालं," ते मला म्हणाले, "हे तर फार चांगलं झालं."

संशयी माणसाला काटा बरोबर निघाल्याचे वाईट वाटते. रज्जाकभाईंना आनंद होत असे. स्मरणिकाकारांना हा फरक कळत नाही, याचे कारण त्यांनी रज्जाकभाईंना काम करताना कधी पाहिलेच नाही, फक्त कामात अडथळा म्हणून पाहिले.

पुढे काटे इलेक्ट्रॉनिक झाले. त्यांच्या व्यवसायातल्या पुष्कळांनी दुकाने बंद केली. रज्जाकभाई पन्नाशीत धुळ्याला बहिणीकडे जाऊन राहिले आणि तिथे एका क्लासमध्ये नातवाच्या वयाच्या मुलांबरोबर बसून इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शिकले. त्यांची वही मी पाहिली आहे. उजवीकडून उर्दू आणि डावीकडून मराठी अशी ती लिहिलेली होती आणि दोन्ही लिप्या मधल्या पानावर येऊन भेटत. तीन-चार वर्षांत सावदा, रावेर, फैजपूर या पट्ट्यातल्या निम्म्या कचेऱ्यांचे संगणक तेच पाहू लागले. आमचाही पाहू लागले.

त्या सुमारास आमच्या संस्थेवर एक प्रसंग आला. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांना दुसऱ्या दिवशीच्या कटाईची यादी आम्ही रोज ई-मेलने पाठवत असू; त्यावर ते ट्रक धाडत. एके दिवशी संस्थेच्या पत्त्यावरून त्यांना पत्र गेले की दोन दिवस कटाई बंद आहे. आम्ही ते पाठवले नव्हते. ट्रक आले नाहीत. कापलेले घड बांधावर पडून राहिले आणि शेवटी गुरांपुढे टाकावे लागले. संस्थेचे टपाल सुमनअक्का पाहत. अक्का म्हणजे कचेरीतल्या लेखनिक, भालोदच्या, बोलायला फटकळ आणि कामाला चोख. पासवर्ड फक्त त्यांना माहीत होता, तेव्हा पत्र त्यांनीच कोणाच्या तरी सांगण्यावरून पाठवले अशी कुजबूज सुरू झाली. संचालकांच्या सभेत त्यांना कामावरून दूर करण्याचा विषय निघाला. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातले स्वतःचे सामान पिशवीत भरले आणि ती पिशवी पायाशी ठेवून काम करीत बसल्या. ते पाहणे रडण्याहून कठीण होते.

मी रज्जाकभाईंना बोलावले. त्यांनी संगणक पाहिला, मग भिंतीवरची वायर पाहिली आणि ती कुठे जाते हे पाहायला खाली उतरले. आमची कचेरी बाजारगाळ्यांच्या वरच्या मजल्यावर होती आणि इंटरनेटची एकच लाइन सगळ्या गाळ्यांत वाटलेली होती. वर येऊन त्यांनी अक्कांना सांगितले की पासवर्ड बदला, मनाला येईल तो ठेवा, मला दाखवू नका. मी आता खाली तुमची लाइन तपासणार आहे, चालेल ना? अक्का म्हणाल्या, तपासा. रज्जाकभाई खालच्या गाळ्यात स्वतःचा लॅपटॉप घेऊन बसले. पंधरा मिनिटांनी वर आले आणि एक घडी केलेली चिठ्ठी अक्कांपुढे ठेवली. अक्कांनी ती उघडली, वाचली, कानापर्यंत लाल झाल्या आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

"नाना," त्या मला म्हणाल्या, "मिस्त्री बरोबर सांगतात. हे कोणीबी वाचू शकतं."

चिठ्ठीवर उतरलेला तो नवा पासवर्ड काय होता ते त्यांनी आजतागायत कोणाला सांगितलेले नाही. सासूबाईंविषयी काहीतरी असावे असा आमचा सर्वांचा तर्क आहे. अध्यक्षांनी चिठ्ठी मागितली तेव्हा अक्का म्हणाल्या, "भाऊ, मला कामावरून काढा, पण हे मी दाखवणार नाही." अध्यक्ष हसले आणि विषय तिथेच मिटला. अक्कांनी पिशवीतले सामान पुन्हा खणात लावले.

मग रज्जाकभाई जोडणी सुरक्षित करायला बसले. त्यांनी मला शेजारी बसवून घेतले, कारण जे सचिवाला समजावून सांगता येत नाही ते बसवू नये असा त्यांचा नियम होता. आमचे टपाल धुळ्याच्या एका लहान कंपनीच्या सर्व्हरवर असे. कचेरीतला ई-मेलचा प्रोग्रॅम तिथे जाई, नाव आणि पासवर्ड सांगे आणि पत्रे घेऊन येई. हे सारे संभाषण आजवर उघड्यावर चालले होते. प्रोग्रॅमच्या मांडणीत सुरक्षेच्या जागी काही पर्याय होते, त्यांत एक 'आपोआप' असा होता. मला तो सोयीचा वाटला. रज्जाकभाईंनी नकारार्थी मान हलवली. आपोआप म्हणजे जमले तर झाकून आणि नाही जमले तर उघडे, आणि कोणते घडले हे आपल्याला सांगणार कोणी नाही. त्यांनी 'एसएसएल', म्हणजे झाकल्याशिवाय बोलायचेच नाही, हा पर्याय निवडला, येणाऱ्या टपालासाठी ९९३ आणि जाणाऱ्यासाठी ४६५ हे क्रमांक भरले, आणि सर्व्हरचे नाव धुळ्याच्या कंपनीने लेखी कळवलेल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवले.

"दार लावलं हे अर्धं काम," ते म्हणाले. "दारापलीकडं आपलाच माणूस बसला आहे की नाही, हे उरलेलं अर्धं."

त्या उरलेल्या अर्ध्यासाठी सर्व्हर एक प्रमाणपत्र दाखवतो. मी धुळ्याचाच सर्व्हर आहे, अमुक संस्थेने माझी ओळख तपासली आहे आणि हे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य आहे, असे त्यावर असते. वजनाच्या बुडाचा शिक्काच तो. सारे जुळले तर संगणक काही बोलत नाही. न जुळले तर तो थांबतो आणि विचारतो, ओळख पटत नाही, तरीही विश्वास ठेवू का? खाली 'होय' असे बटण असते. रज्जाकभाईंनी अक्कांना, मला आणि शिपायालाही बजावले की हा प्रश्न कधी आला तर कोणीही 'होय' म्हणायचे नाही, आधी मला फोन करायचा. इथे 'होय' म्हटले की ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या हातात पासवर्ड गेला, मग दार कितीही घट्ट लावलेले असो.

पुढचा दीड महिना सुरळीत गेला. आता तो दिवस.

एका गुरुवारी सकाळी अक्कांनी संगणक सुरू केला आणि तो प्रश्न समोर उभा राहिला. त्यांनी फोन केला. रज्जाकभाई धुळ्याला बहिणीकडे होते. कोणी हात लावू नका, मी येतो, एवढेच ते म्हणाले. कटाई त्या दिवशी चालूच होती. दुसऱ्या दिवसाच्या ट्रकसाठी यादी संध्याकाळी पाचच्या आत जायला हवी होती, आणि त्या खोट्या पत्रानंतर व्यापारी फोनवरच्या निरोपावर विश्वास ठेवीनासे झाले होते. म्हणजे टपाल गेले नाही तर घड पुन्हा बांधावर. दहा वाजले, बारा वाजले. शेतकरी जिन्यात येऊन बसले. प्रदीपराव खुर्चीवरून उठत आणि पुन्हा बसत होते. एक बटण दाबायचे, त्याला धुळ्याहून माणूस कशाला हवा, हे त्यांनी किमान आठ वेळा म्हटले. त्यांचे म्हणणे त्या क्षणी मला पटत होते हे मी लपवत नाही. अक्कांना पटत नव्हते. त्यांनी माऊस उचलून टेबलाच्या खणात ठेवला, खणाला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली.

रज्जाकभाई सरळ निघाले नव्हते. ते आधी धुळ्यातल्या त्या कंपनीच्या कचेरीत गेले आणि समोर बसून विचारून घेतले. कंपनीवाल्यांनी सांगितले की त्यांनी त्याच सकाळी प्रमाणपत्र नवे केले आहे, सर्व काही नियमानुसार आहे, दुसऱ्या कोणाची तक्रार नाही. रज्जाकभाईंनी त्या प्रमाणपत्राचा लांबलचक क्रमांक वहीत उतरवून घेतला, एस.टी. पकडली, जळगावला गाडी बदलली आणि साडेतीनच्या सुमारास सावद्याला उतरले. जिना चढताना शेतकऱ्यांनी त्यांना वाट दिली, पण सलाम कोणी केला नाही.

त्यांनी अक्कांकडून माऊस मागून घेतला, वहीतला क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी जुळवला. जुळला. म्हणजे पलीकडे माणूस आपलाच होता आणि तरीही संगणक त्याला ओळखत नव्हता. रज्जाकभाईंची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेली. मग त्यांनी सर्वांना बाहेर जायला सांगितले आणि मला म्हणाले, नाना, तुम्ही थांबा. दार लावून घेतले.

"नाना, आज कोणता वार शे?"

एरवी आमच्याशी ते कचेरीतली मराठी बोलत. धुळ्याकडची बोली तोंडात आली की समजावे, माणूस विचारात आहे.

"गुरुवार," मी म्हटले.

"हाई मशीन बुधवार सांगी राहिनं."

मशीन बुधवार सांगत होते हे खरे, आणि ती चूक नव्हती. तो माझा हुकूम होता. घड दिवसा कापले जात, ट्रक मध्यरात्रीपर्यंत भरले जात आणि पावत्या दुसऱ्या दिवशी सकाळी छापल्या जात. पावत्यांचा प्रोग्रॅम संगणकाची तारीख उचली, म्हणून शेतकऱ्याच्या पावतीवर कटाईनंतरचा दिवस पडे आणि रोज भांडणे होत. सचिव झाल्यावर मी नियम केला की कटाईचा दिवस तोच कागदाचा दिवस, आणि संगणकाची दिनदर्शिका कायमची एक दिवस मागे ठेवून टाकली. तिला परस्पर दुरुस्त करणारी सोयही बंद करवून घेतली. भांडणे थांबली. या नियमाचा मला अभिमान होता. आमची पत्रे नेहमी एक दिवस शिळी दिसतात असे व्यापारी म्हणत, त्यांना मी नेटच्या संथपणाचे कारण देत असे.

हे सारे मी रज्जाकभाईंना ताठ मानेने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

"म्हणजे धुळ्यात आज सकाळी मारलेला शिक्का इथं उद्याचा झाला," ते म्हणाले. "उद्याचा शिक्का आज कोण मानील? मशीन खोटं नही बोललं नाना. आपण त्याला खोटा दिवस सांगितला होता."

त्यांनी माऊसवर हात ठेवला, पण हलवला नाही.

"तुमचा हुकूम आहे. मोडू का?"

बाहेर पंचवीस माणसे खोळंबली होती, घड्याळात पावणेचार झाले होते, सारी चूक माझी होती, आणि हा माणूस माझी परवानगी मागत होता. मी म्हटले, मोडा. त्यांनी तारीख गुरुवारवर आणली, ई-मेलचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. संगणकाने काहीही विचारले नाही. टपाल खळाळत आत येऊ लागले.

दार उघडले तसे प्रदीपराव आत घुसले. अक्कांनी यादीचे पत्र तयारच ठेवले होते. प्रदीपरावांनी माऊस घेऊन 'पाठवा' हे बटण दाबले आणि पत्र गेले. समयसूचकतेचे म्हणून जे काही बटण त्यांनी त्या दिवशी दाबले, ते हे. मग ते वळून म्हणाले, "काय मिस्त्री, सापडलं का भूत?"

"भूत नाही भाऊ," रज्जाकभाई म्हणाले. "माझ्याकडून एक गोष्ट पाहायची राहिली होती."

"म्हणजे सकाळपासून तुमच्यापायी आम्ही..."

"हो."

मी तिथे उभा होतो. संस्थेचा सचिव, ज्याच्या सहीशिवाय कागद हलत नसे. मी तोंड उघडले नाही. स्मरणिकेतल्या त्या मजकुराचा जन्म त्या 'हो'मध्ये आहे आणि तो मी होऊ दिला, हे मी आज इथे लिहून ठेवतो.

त्या संध्याकाळी त्यांना सोडायला मी स्टँडपर्यंत चालत गेलो. वाटेत विचारले, की माझी चूक तुम्ही अंगावर का घेतली? ते म्हणाले, खोटे काही बोललो नाही. काटा बसवताना आधी खालची जमीन समतल आहे का ते पाहायचे असते. मी दार पाहिले, शिक्का पाहिला, घड्याळ पाहायचे राहिले. एवढी चूक माझीच. मी म्हटले, आणि उरलेली? गाडी लागली होती. त्यांनी पेटी आधी वर ठेवली, मग स्वतः चढले आणि पायरीवरून म्हणाले, "तुमले उद्या त्याच खुर्चीत बसायचं शे. मी तर जाई राहिनू."

पुढच्या आठवड्यात त्यांनी पावत्यांच्या प्रोग्रॅममध्ये तारीख हाताने भरण्याची सोय करून दिली, म्हणजे माझा नियम राहिला आणि दिनदर्शिकाही खरी राहिली. या कामाचा त्यांनी कुठे उल्लेख केला नाही. अक्कांना सर्व कळले होते असे मला वाटते, कारण त्यानंतर पुष्कळ दिवस त्या सकाळी चहा देताना मला वार सांगत. "नाना, आज सोमवार बरं का."

मी निवृत्त होऊन जळगावला आल्यावर रज्जाकभाईंची गाठ वरचेवर पडू लागली. दुकान आता त्यांचा जावई पाहतो. शेवटची गाठ गेल्या थंडीतली. भरताच्या वांग्यांचे दिवस होते. सकाळच्या उन्हात एका हातगाडीपाशी ते पिशवी उघडी धरून उभे होते आणि वांगी विकणारी बाई स्प्रिंगच्या गंजलेल्या काट्यावर त्यांची वांगी जोखत होती. तो काटा मलादेखील वाकडा दिसत होता. रज्जाकभाई मात्र काट्याकडे पाहतच नव्हते. ते समोरच्या ओट्यावर ऊन खात बसलेल्या मांजराकडे पाहत होते. मी चेष्टेने म्हटले, मिस्त्री, शिक्का पाहिलात का? ते हसले. म्हणाले, नाना, घरच्या भरताला शिक्का कशाला? बाईने त्यांच्या पिशवीत एक वांगे वरून टाकले, त्यांनी ते निवडून परत तिच्या टोपलीत ठेवले, आणि आम्ही दोघे कोपऱ्यापर्यंत बरोबर चाललो. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया, धुळ्याची बहीण, धाकट्या नातीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश, असे बोलणे झाले. कोपऱ्यावर ते डावीकडे वळले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेताना त्यांनी ती क्षणभर अधांतरी तोलून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. महिन्याभरात ते गेले.

संशयी, हट्टी आणि पराभूत असा जो माणूस स्मरणिकेत छापला आहे, त्याला मी ओळखत नाही. पण प्रदीपराव म्हणतील की नानांचे वय झाले, आणि खोलीत दोघेच होते, त्यांतला एक आता बोलू शकत नाही. म्हणून गेल्या मंगळवारी मी सावद्याला गेलो. तो जुना संगणक संस्थेने मोडीत काढलेला नाही. जुनी पत्रे पाहण्यासाठी तो मागच्या खोलीत अजून चालू आहे. सुमनअक्का येत्या वर्षी निवृत्त होतील. त्यांनी मला खुर्ची दिली आणि ई-मेलचा तोच प्रोग्रॅम उघडला. त्या प्रश्नाला कोणी कधी 'होय' म्हटले, तर ज्या सर्व्हरसाठी म्हटले त्याचे नाव हा प्रोग्रॅम एका वेगळ्या यादीत लिहून ठेवतो, आणि कोणी मुद्दाम जाऊन काढल्याखेरीज ते तिथून जात नाही. अशी यादी असते हे प्रदीपरावांना ठाऊक नव्हते. त्यांनाही मी मुद्दाम बोलावून घेतले होते. अक्कांनी आम्हा दोघांच्या देखत ती यादी उघडली.

तिच्यात एकही नाव नाही.